लंगड्या आजोबाची मेथी

१ मे, शुक्रवार

मामानं मले न इचारता माह्या नावानं हाव म्हनून टाकलं. मिल्काआंटीचा तिकडं मुंबईजवळून, ठान्याहून फोन आला होता. सोमवारी बारा पोट्टे येऊन राह्यले, पंधरा दिवसाच्या कॅम्पले. त्यायले वाफ्यातलं काम शिकवाले कोनीतरी पाहिजे. त मामा म्हने, "आमची समीक्षा हाये ना."

मी म्हनलं, मले बोलनं जमत नाई. मामा म्हने, "बोलाचं कायले? पानी कसं द्याचं ते दाखवाचं. पान्याले तोंड थोडीच लागते."

कारभारीमामा माह्या मायचा भाऊ. देऊळघाटच्या अलीकडं आंटीच्या भावाचं चार एकर वावर अन् घर हाये, त्याची राखन मामा करते. आंटी अन् तिचे लोक यहुदी हायेत. गावात त्यायले शनवारवाले म्हनते, काऊन का शनवारी ते कोनतंच काम करत नाई. बोलतात मराठीच, पन पुस्तकातल्यावानी.

मेथी, पालक, मुळे अन् सांबार (आंटी त्याले कोथिंबीर म्हनते) मी एप्रिलातच पेरून ठेवले. पोट्टे आले का त्यायले वाटीन आपनच पिकवलं.

मायले सांगतलं का मले भेव लागते. माय म्हने, "तुले कायचं भेव नाई लागत ते सांग, ते लवकर होईन." नववीत सरांनी उभं करून धडा वाचाले लावला होता. माह्या तोंडातून हवा बी निघाली नाई. वर्ग हासला. दुसऱ्या दिवशी मी पोट दुखते म्हनून घरी राह्यली. ते पोट अजून दुखूनच राह्यलं हाये.

४ मे, सोमवार

आले. मलकापूरले रेल्वेतून उतरले अन् जीपमंधी बसले, राजूर घाटात तिघं ओकले. त्यातला एक योएल, अकरा वर्साचा. जीपमधून उडी मारून त्यानं पहिले मले हेच सांगतलं, "सगळ्यात जास्त मी ओकलो." जसा काही नंबर आला.

सगळ्यात बारकी तामार, सात वर्साची. तिनं माह्या ओढनीचं टोक धरलं ते संध्याकाळलोक सोडलं नाई. ती बी बोलत नाई, मी बी बोलत नाई. आमचं जमलं.

जेवाले बसाच्या आधी आंटी म्हने, "आधी जनावरं, मग आपण." गायीले चारा, कुत्र्याले भाकर, मंग पंगत. योएलनं त आपल्या ताटातली दुधीची भाजी पूरी कुत्र्याले घातली. आंटी म्हने, "वा योएल, केवढी दया!" अन् त्याच्या ताटात दुप्पट दुधी वाढली. कुत्रं बी भाजी सोडून निघून गेलं होतं.

५ मे, मंगळवार

आज वाफे वाटले. दोघादोघात एक. योएल अन् तामार एका वाफ्यावर हायेत, लिंबाजवळच्या.

अर्ध्या वाफ्यात माही आयती मेथी हाये, अर्ध्यात पोट्ट्यायनं आज स्वतः पेरलं. मंग आंटीनं सुतळी आनली. म्हने, प्रत्येकानं आपल्या वाफ्याचा एक कोपरा सोडायचा. तो आपला नाही. ज्याला गरज असेल तो येऊन नेईल. याले ते पेआ म्हनते, त्यायच्या धर्मातलं लई जुनं हाये. आपल्या हातानं द्याचं बी नाई. कोन नेते ते पाहाचं नाई, इचाराचं नाई, नेनाऱ्याले लाज वाटू द्याची नाई.

योएल म्हने, "कोपरा कमीत कमी केवढा?"

आंटी म्हने, "त्याला माप नाही."

माप नाही म्हनल्यावर योएलनं तळहाताएवढा सोडला. तामारनं सुतळी उचलली अन् अर्धा वाफा घेरला. मंग जे भांडन झालं! योएल म्हने, "आपण काय खायचं, सुतळी?" तामार सुतळीवर बसून गेली. शेवटी पोरगी जितली.

मामा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून हासे. मले म्हने, "कोनी नाई येत समे. आपल्या गावात दुसऱ्याच्या वावरातली काडी बी कोनी उचलत नाई. बकऱ्या येतीन फक्त."

८ मे, शुक्रवार

मामाचं खरं झालं. तीन दिवस झाले, सहा कोपरे जसेच्या तसे. येनारे जानारे धुऱ्यावरून पाहातात अन् जातात. मेथी पिवळी पडून राह्यली, मुळे जून होऊन राह्यले.

आज योएलले राहावलं नाई. भिमाबाई बकऱ्या घेऊन चालली होती, त्यानं आवाज देला, "आजी, या ना! भाजी घ्या, गरिबांसाठी आहे, फुकट!"

भिमाबाई थांबली. मले वाटलं आता धरनी फाटते. "कोन गरीब बे? मी का मांगनारी हाव? माहं दोन एकर वावर हाये, ओलिताचं!" अन् तावातावानं निघून गेली. घंट्याभरानं परत आली, टोपलंभर कैऱ्या आनल्या अन् आंटीसमोर आदळल्या. म्हने, "घ्या. पोरं उपाशी दिसून राह्यले तुमचे."

म्हंजे आमच्या कोपऱ्यातून कोनी काही नेलं त नाईच, उलटं आम्हालेच दान भेटलं.

योएल म्हने, "हे सगळं बंडल आहे. इथं गरीबच नाहीत." तामार उठून गेली. जेवली बी नाई. संध्याकाळपासूनच त्यायचा शनवार लागते, त्यायनं मेनबत्त्या लावल्या, गानं म्हनलं, तवा बी ती वाफ्यातल्या कोपऱ्यातच बसेल. मी पानी द्याले गेली त म्हने, "माझा कोपरा घाण आहे म्हणून नेत नाहीत का?" पहिल्यांदा एवढं मोठं वाक्य बोलली अन् रडाले लागली. मी तिच्याजवळ बसली. उगीच दोन मुळे उपटले अन् परत खोचून ठेवले.

९ मे, शनिवार

शनवारी हे लोक पानी देत नाई, तोडत नाई, बटन बी दाबत नाई. अन् दुसऱ्याले 'कर' बी म्हनत नाई. आंटी नुसतं बोलते. सकाळी म्हने, "समीक्षा, आज केवढं उकडतंय." मी म्हनलं हाव. थोड्या वेळानं म्हने, "पंखा असूनही उकडतंय." मी म्हनलं हाव. तिसऱ्या खेपेले योएलनं मले कोपरानं ढोसलं, तवा समजलं अन् मी बटन दाबलं. आता मी शिकली. शनवारी आंटी उगीच काही बोलली का समजाचं, काम हाये.

दहाच्या सुमाराले आंटी पुन्हा बाहेर आली. वाफ्याकडं पाहून म्हने, "आता बारापर्यंत आम्ही सगळे प्रार्थनेला. इकडच्या खिडक्या बंदच असतात." याच्यात मले काही काम दिसलं नाई. खिडक्या त बंदच होत्या.

मी रिकामीच होती. आतमधी गानं सुरू झालं अन् मी तामारच्या कोपऱ्यात गेली. पहिले विळ्यानं मेथी कापली, पन माहं कापनं ओळखू येते, सरळ येते. म्हनून बाकीची उपटली, धसमुसळी. एकाच कोपऱ्यातून नेलं त बाकीच्यायले वाईट वाटीन, म्हनून सहाही कोपऱ्यातून थोडं थोडं घेतलं. ओढनीत बांधलं अन् पळाली.

पळाली त खरी, पन न्याचं कुठी? घरी नेलं त माय इचारीन. मंग गोठ्यात गेली अन् मामाच्या गायीपुढं टाकलं. दोन मिनिटात साफ.

ही चोरी हाये का नाई मले समजत नाई. पोट्टी रडली का माहं डोकं दुखते, म्हनून केलं. बाकी काही नाई.

१० मे, रविवार

सकाळी जी बोंब उठली! मले वाटलं साप निघाला. पोट्टे वाफ्यात नाचत होते. "आले! गरीब आले!" तामार त कोपऱ्यातल्या मातीत लोळली.

तिनं म्हने एलियाहूले नवस बोलला होता. हा त्यायचा जुना संत, भिकाऱ्याच्या वेशात येते अन् पाहून जाते. मंग आंटीनं नवस फेडाले मलिदा केला. गोड पोहे, खोबरं, वरून पाच परकारचे फळं. भिमाबाईच्या कैऱ्या बी त्यातच चालवल्या. सगळ्यात मोठी वाटी मले देली. मी घेतली. माह्याच हातानं पुरा झालेला नवस मीच खाल्ला, काय करू, पोहे लई चांगले होते.

वाटी घेताना आंटीनं माही नखं पाह्यली. हिरवीगार होती. म्हने, "मेथीचा वास छान असतो. दोन दिवस हाताला राहतो." मी हात मागं घेतला. ती काऊन म्हनली देव जाने. आज त रविवार होता.

१२ मे, मंगळवार

आता लई अवघड झालं. पोट्ट्यायनं सगळ्यायनंच सुतळ्या सरकवल्या, कोपरे वाढवले. रोज सकाळी पाहाले येतात. म्हंजे मले रोज नेनं आलं. दुपारी ते अंगनात गोष्ट आयकाले बसले का मी काम करते. गाय लठ्ठ होऊन राह्यली.

योएल मात्र कच्चा नाई. त्यानं चुलीतली राख आनून कोपऱ्याभोवती पसरली. आंटी म्हने, "बघायचं नाही, असं ठरलंय." त म्हने, "मी माणूस बघत नाही, पाय बघतोय."

मी मामाच्या टायरच्या चपला घातल्या. मामाचा पाय म्हंजे सूप. त्या चपलात मले चालता येईना, एक पाय फरफटत नेला.

संध्याकाळी योएलनं सगळ्यायले बोलावून शोध सांगतला. "मोठा माणूस आहे. उंच. आणि डाव्या पायानं लंगडा." तामार म्हने, "लंगडे आजोबा." झालं, नाव पडलं.

१३ मे, बुधवार

कोपऱ्यात आता भाजीसोबत वस्तू बी येऊन राह्यल्या. आज भेटलं ते: गुडघ्याले लावाचा बाम, तीन चॉकलेट, अन् चपातीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी. पायासाठी एक काठी बी होती, तिच्यावर तामारनं लाल रिबन बांधेल होती.

ठेवून देलं असतं त पोरगी पुन्हा रडली असती. चॉकलेटं मी खाल्ले. चपाती बी. काठी गोठ्यातल्या कुटाराच्या, म्हंजे भुशाच्या ढिगात लपवली. बाम मायच्या पाठीले चोळला, सांगतलं का आंटीनं देला. माय म्हने, "चांगली बाई हाये."

पन एक घोटाळा झाला. चहाले मेथीचा वास येऊन राह्यला. कॅम्पले दूध मामाच्या गायीचंच जाते. पोट्ट्यायनं तोंडं वाकडी केली. मामा घाबरला. गायीची जीभ पाह्यली, डोये पाह्यले, पोट ठोकलं. म्हने, "इतक्या वर्साची गाय माही, कधी असं नाई केलं. समे, हिले कोनाची नजर लागली का वं?"

आंटी चहा पिऊन म्हने, "असू दे कारभारी, मेथी सांधेदुखीला चांगली." अन् पुन्हा अर्धा कप घेतला. तिले कोनतीच गोष्ट वाईट लागत नाई.

१५ मे, शुक्रवार

योएलनं आज सकाळी गोठ्याबाहेर मामाच्या चपला पाह्यल्या. तळाचा टायर, टाचेजवळ ठोकेल खिळा, अन् राख. मी तिथंच शेन भरत होती. तो माह्याकडं पाहून हळूच म्हने, "समीक्षाताई, कोणाला सांगू नकोस. आपल्याला कळलंय हे त्यांना कळलं तर त्यांना लाज वाटेल."

मले वाटलं तो कोनाले सांगनार नाई. जेवनापर्यंत बाराही जनायले मालूम होतं.

मंग दिवसभर जे चाललं! मामा बसला का दोघं येऊन त्याचे पाय दाबत. मामा उभा राह्यला का कोनी खाट आने. पंगतीत सगळ्यायनं आपल्या चपात्या मामाच्या ताटात ठेवल्या, ढीग झाला. मामा सरळ चाले, त तामार डोये पुसून म्हने, "किती सहन करतात. लंगडतसुद्धा नाहीत."

मामा मले बाजूले घेऊन म्हने, "काय वं समे, मी आजारी दिसून राह्यलो का? डाक्टरनं तुह्या मायले काही सांगतलं त नाई ना?"

मी तोंडात ओढनी कोंबून हासली. आज हे लेहताना बी हासून राह्यली. मामाच्या पोटात बावीस चपात्या गेल्या असतीन.

१६ मे, शनिवार

काल हासली ते माहं चुकलं.

भिमाबाईनं काल धुऱ्यावरून पोट्ट्यायचं बोलनं आयकलं. एका रातीत गावभर झालं. कारभारी राखन करते अन् लेकरायच्या वाफ्यातली भाजी चोरते. सकाळी मामा पारावर गेला त एक जन म्हने, "या राखनदार! आज काय, पालक का मुळे?" सगळे हासले.

मामा तसाच परत आला. मामानं या वावरातला इचारल्याशिवाय कधी हरबऱ्याचा घाटा सोलला नाई. मले मालूम हाये, काऊन का लहानपनी मी एक सोलला होता त मारलं होतं.

त्यानं धुतलेला सदरा घातला अन् किल्ल्या घेऊन आंटीकडं गेला. मी दाराआड होती. मामा म्हने, "बाई, ह्या घ्या. ज्याच्या राखनीवर लोक हासते त्यानं राखन करू नाई."

आंटीनं किल्ल्यायकडं पाह्यलं. मंग म्हने, "कारभारी, आज शनिवार. आज मी कुठलाही व्यवहार करत नाही. किल्ल्या हातातही घेऊ शकत नाही."

"मंग खाली ठेवतो."

"खाली ठेवल्या तर उचलणार कोण? उद्या दहाला या. आणि समीक्षा," दाराकडं न पाहताच म्हने, "उद्या सगळ्यांच्या समोर बोलू. एक दिवस आहे मध्ये. एक दिवस बराच असतो."

मामा किल्ल्या घेऊन परत आला अन् नोकरी सोडाले गेलेला मानूस दिवसभर विहिरीवर बसून राखन करत राह्यला. जेवला नाई.

सांगनं लागन. पन सगळ्यायसमोर? मामाले एकट्याले सांगू म्हनून दोनदा गेली, दोनदा पानी पिऊन आली. अन् एकट्या मामाले सांगून काय होते, हासनारं त गाव हाये. अन् सांगतलं त तामारचा आजोबा बी मेला. नाई सांगतलं त मामाचं नाव मेलं. माहं पोट आज खरंच दुखून राह्यलं.

१७ मे, रविवार

अंगनात सगळे होते. आंटी खुर्चीवर, पोट्टे ओळीनं, मामा किल्ल्या घेऊन उभा. धुऱ्यावर भिमाबाई अन् आनखी दोघी तमाशा पाहाले आल्या होत्या, बकऱ्या नसतानाच.

मले वाटलं आंटी काही इचारीन, मंग मी मान हालवीन. ती काही इचारेच ना. आभाळाकडं पाहे. माह्या तोंडात कोनी कुटार भरलं असं झालं होतं. मामानं किल्लीचा हात समोर केला.

मी म्हनलं, "मी."

कोनाले आयकू आलं नाई. योएल म्हने, "ही काहीतरी म्हणाली."

"मी नेली मेथी. मामानं नाई. चपला मामाच्या होत्या, पाय माहे होते."

"मग लंगडत का होतीस?" योएल.

"चपला मोठ्या होत्या बे!"

"चॉकलेटं?"

"खाल्ले."

"बाम?"

"मायच्या पाठीले."

"अन् मेथी?" हे मामानं इचारलं.

"गायीनं खाल्ली."

मामानं डोये मिटले. मले वाटलं आता मारते. पन तो म्हने, "तरीच." बस. सगळ्या पोट्ट्यायले एकदम चहा आठवला, दोघायनं तोंड पुसलं.

मंग तामारनं समोर येऊन माही ओढनी धरली. म्हने, "तुला एलियाहूंनी पाठवलं होतं?"

हाव म्हननं सोपं होतं. सगळे हेच म्हन म्हनल्यावानी पाहात होते. पन ती एवढी डोये फाडून पाहे का खोटं निघेना. मी म्हनलं, "नाई वं. मले कोनी नाई पाठवलं. कोनी न्यालेच येत नव्हतं, अन् तू रडत होती."

तिनं माही ओढनी सोडली अन् आंटीच्या मागं जाऊन उभी राह्यली. नववीतला वर्ग हासला तवा बी एवढं लागलं नव्हतं.

तेवढ्यात धुऱ्यावरून भिमाबाई उतरली. "कोनी येत नव्हतं म्हंजे? आमी का मेलो होतो?" तावातावानं सरळ वाफ्यात. "कोनता कोपरा वं पोरी तुहा?"

तामारनं बोट दाखवलं.

भिमाबाई वाकली. लुगडं सावरत, कन्हत, दोन मुठी मेथी उपटली अन् पदरात घेतली. कान लाल झाले होते तिचे. म्हने, "आज भाजी नाई घरात."

मामाले राहावलं नाई. "काऊन वो भिमाबाई, तुह्या घरी त दोन एकर ओलिताचं हाये ना?"

"चूप बस बे कारभारी. मेथी नाई ना त्याच्यात!"

आंटी एकदम उभी राह्यली. "मुलांनो, मागे वळा! बघायचं नाही!" बाराही जन पाठ करून उभे राह्यले. तामार बी. पन तिची मान मागं होती अन् बोटातल्या फटीतून डोया दिसे. भिमाबाईनं जाता जाता एक मुळा बी घेतला. बाकीच्या दोघी एकमेकीकडं पाहून खाली उतरल्या. एकीनं सांबार घेतला, म्हने, "मी का तिच्यापेक्षा मोठी लागून गेली का."

मामानं किल्ल्या खिशात टाकल्या अन् धार काढाले गेला. संध्याकाळी जेवताना म्हने, "समे, आधी सांगतलं असतं त मी लंगडत चाललो असतो."

माय हासली त हासतच राह्यली. मंग म्हने, "एवढ्या लोकायसमोर बोलली तू?" मी म्हनलं, हाव, अन् आता पुन्हा नाई.

१९ मे, मंगळवार

गेले. जीप आली तवा पोट्ट्यायनं मामाले काठी देली, रिबनवाली. कुटारातून योएलनंच काढली, कवा पाह्यली होती कोनाले मालूम. योएल मले म्हने, "घाटात मी परत पहिला येणार."

तामार दोन दिवस माह्याशी बोलली नव्हती. जीपमंधी खिडकीजवळ बसली, समोरच पाहे. जीप सुरू झाली तवा तिनं काच खाली केली. "माझा कोपरा सांभाळ. पण तू नको नेऊस हां."

आंटी म्हने, "पुढच्या वर्षी तूच शिकवायचं, कारभारींना विचारून झालंय." मले पुन्हा कोनी इचारलंच नाई. मी हाव बी म्हनलं नाई अन् नाई बी म्हनलं नाई. पोट मात्र दुखलं नाई.

२८ मे, गुरुवार

पोट्ट्यायनं पेरलेली मेथी आता खरंच आली. वाकडीतिकडी पेरेल हाये, पन दाट हाये.

अन् आता गावातल्या बायायचं त इचारूच नका. भिमाबाईनं नेली म्हनल्यावर आपन नाई नेली त आपन अकडू ठरू, म्हनून सगळ्या येतात. वरून नावं ठेवतात. एक म्हने, "पालक जाड्या पानाचा हाये, बारका नाई का?" एक म्हने, "कोपऱ्यात टमाटे काऊन नाई लावले?" भिमाबाई आल्यापासून वाफ्याची मालकीन झाली, बाकीच्यायले नंबर लावते.

आज मी विहिरीवर होती. पाह्यलं त एक बाई तामारच्या वाफ्यातली सुतळी पायानं सरकवून ओळीतली मेथी उपटून राह्यली. भर ओळीतली! मी कवा उठली मले समजलं नाई.

"ओ काकू! कोपऱ्यातलंच न्याचं! ओळीतलं नाई! ते पोट्ट्यायचं हाये!"

लिंबावरचे पाखरं उडाले. बाईच्या हातातून मेथी पडली. भिमाबाई बी गुमसुम झाली, म्हंजे पाहा.

मामा गोठ्यातून पळत आला, हातात दुधाची बादली. चारही बाजूले पाह्यलं. "कोन वरडलं? कोनाचा आवाज व्हय हा?"

मी सुतळी जाग्यावर सरकवत होती. म्हनलं, "माहा."